कानाला खडा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थिनी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या विषयाचे नाव वाचून काही पालकांच्या कपाळावर आठी चढली असेल. मुलींचे धूम्रपान आणि ते सोडवण्यासाठी कानावर दाब देण्याचा उपचार, हा विषय आपल्या सभेत कशासाठी? आपल्या मुली का सिगारेट ओढतात? असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. उत्तरादाखल मी फक्त काही आकडे सांगते. २०१६-१७ साली भारत सरकारने प्रौढांच्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी केली. तीत आढळले की देशातील २ टक्के स्त्रिया विडी, सिगारेट, हुक्का अशा रूपाने धूर ओढतात आणि १२.८ टक्के स्त्रिया तंबाखू चघळतात, दाढेत धरतात किंवा मशेरी लावतात. या पाहणीत कोणत्याही जमातीला वगळलेले नव्हते. दोन टक्के हा आकडा लहान दिसतो, पण त्यामागची मुलगी एकटी असते. मुलगा सिगारेट ओढतो तेव्हा दहा जण त्याला टोकतात. मुलगी ओढते तेव्हा ती लपून ओढते, म्हणून सोडण्यासाठी मदतही मागू शकत नाही. अशा मुलीसाठी आणि तिच्या आईवडिलांसाठी आज बोलायचे आहे.

ही चटक कोठून आली?

तंबाखू ही आपली परंपरा आहे असे अनेकांना वाटते. ती तशी नाही. मूळची ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये रुजली. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्याने तेथली तंबाखू आणि ती ओढण्याचे साहित्य बादशहासाठी नजराणा म्हणून नेले. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले तेव्हा त्याच्या हकिमाने हरकत घेतली. ही अनोळखी वस्तू आहे, आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत हिच्याविषयी काही नाही, तेव्हा ती वापरू नये, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १६१७ साली जहांगीरने तंबाखूच्या मनाईचा हुकूम काढला. बादशहाचा हुकूम निघाला, पण चटक गेली नाही. पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसत्या मनाईने हे व्यसन बादशहालाही घालवता आले नाही.

मुलींच्या हाती सिगारेट आली ती मात्र हिशेबाने आणली गेली. १९२९ साली न्यूयॉर्क शहरातील ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. त्यामागे एडवर्ड बर्नेज नावाचे प्रचारतज्ज्ञ होते आणि त्यांना पैसे देणारी होती अमेरिकन टोबॅको कंपनी. त्या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' असे नाव देण्यात आले. १९६८ साली फिलिप मॉरिस कंपनीने खास स्त्रियांसाठी लांब, सडपातळ सिगारेट बाजारात आणली. विद्यार्थिनींनो, स्त्रीला मताचा अधिकार, शिक्षणाचा अधिकार, कमाईचा अधिकार हवा होता. कंपनीने तिला तो दिला नाही, त्या अधिकाराचा वास असलेली एक नळी विकली. परिणाम काय झाला? १९८७ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या स्तनाच्या कर्करोगाने मरणाऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त झाली.

आजकाल काही मुलींना वाटते की हुक्का निरुपद्रवी आहे, कारण त्याचा धूर पाण्यातून येतो. पाण्यातून आला म्हणून धूर धुतला जात नाही. तो थंड होतो इतकेच. थंड धूर अधिक खोल आणि अधिक वेळ ओढला जातो. महाराष्ट्राने २०१८ साली कायद्याने हुक्का पार्लरवर बंदी घातली आणि केंद्र सरकारने २०१९ साली ई-सिगारेटवर, ती उगीच नव्हे.

स्त्रीच्या शरीराचा प्रश्न

भारतातील मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. विडी ओढणाऱ्या पुरुषाच्या आयुष्यातून सरासरी सहा वर्षे कमी होतात आणि विडी ओढणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यातून सुमारे आठ, असे त्यात दिसून आले. गर्भारपणात धूम्रपान केल्यास बाळाचे वजन कमी भरते आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने धूम्रपान केले तर रक्तात गाठी होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो, विशेषतः पस्तिशीनंतर.

आता आनंदाची बाजू ऐका. ब्रिटनमधील सुमारे तेरा लाख स्त्रियांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपानामुळे जो जादा मृत्यूचा धोका निर्माण होतो, त्यातील ९० टक्क्यांहून अधिक धोका चाळिशीच्या आत सोडणाऱ्या स्त्रियांनी टाळला. तिशीच्या आत सोडणाऱ्यांनी सुमारे ९७ टक्के टाळला. म्हणजे वीस वर्षांच्या मुलीने आज सोडले तर तिचे जवळजवळ काहीच बिघडलेले नाही. 'आता काय उपयोग' हे वाक्य तिच्या बाबतीत खोटे आहे.

सोडणे अवघड का जाते?

झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. शिरेतून दिलेले औषधही इतक्या लवकर पोहोचत नाही. मेंदूला थोडे सुख वाटते आणि दोन-एक तासांत रक्तातील निकोटिन निम्म्यावर येते. मग चिडचिड, अस्वस्थता, डोके जड होणे, अभ्यासात मन न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. मुलीला वाटते, सिगारेटमुळे ताण जातो. प्रत्यक्षात मागच्या सिगारेटने निर्माण केलेला ताण पुढची सिगारेट तात्पुरता घालवते. हे सावकाराच्या कर्जासारखे आहे, जुने फेडायला नवे काढायचे.

सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात आणि बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. शिवाय ओढण्याची जी तीव्र इच्छा उसळते, ती एका वेळी काही मिनिटेच टिकते. ती काही मिनिटे कशी काढायची, हा सगळा प्रश्न आहे. आणि कानाच्या उपचाराचा संबंध येतो तो येथेच.

कान आणि दाब

अॅक्युपंक्चर म्हणजे सुईने केलेला उपचार आणि अॅक्युप्रेशर म्हणजे दाब देऊन केलेला. या चिनी विद्येशी महाराष्ट्राचा एक हृद्य धागा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते तिकडेच १९४२ साली वारले. त्याच पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाअखेर चीनमध्ये ही विद्या शिकून ती भारतात आणली.

कानाचा तपशीलवार नकाशा मात्र फ्रान्समध्ये तयार झाला. लिआँ शहरातील डॉक्टर पॉल नोजिए यांना काही रुग्णांच्या कानावर डागल्याच्या खुणा दिसल्या. कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेवर तेथील लोक कानावर डाग देत असत. त्यावरून त्यांनी विचार केला आणि १९५७ च्या सुमारास आपला नकाशा प्रसिद्ध केला. कान म्हणजे आईच्या पोटात डोके खाली करून असलेले बाळ, अशी त्यांची कल्पना होती. पाळीच्या जागी डोके आणि वरच्या कडेला पाय. चीनमधील वैद्यांनी हा नकाशा घेऊन आपल्या पद्धतीने वाढवला.

१९७२ साली हाँगकाँगमध्ये डॉ. वेन हे शस्त्रक्रियेच्या वेदनेवर कानात सुया लावून प्रयोग करीत होते. अफूचे व्यसन असलेल्या एका रुग्णाने सांगितले की सुया लावल्यावर अफूची तलफ कमी झाली. तेथून ही वार्ता पसरली. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातील लिंकन रुग्णालयात सत्तरच्या दशकात व्यसनी लोकांसाठी कानातील पाच बिंदूंची पद्धत रूढ झाली आणि पुढे धूम्रपानासाठीही तिचा वापर सुरू झाला.

सुईऐवजी दाब देण्याची पद्धत साधी आहे. वॅकेरिया नावाच्या वनस्पतीचे, आपल्या मोहरीएवढे काळे बी चिकटपट्टीच्या बारीक चौकोनी तुकड्यावर ठेवून कानाच्या ठरावीक बिंदूवर चिकटवतात. कानाच्या वरच्या भागात जो त्रिकोणी खळगा असतो, तेथे 'शेनमेन' नावाचा बिंदू मानतात. चिनी भाषेत त्याचा अर्थ साधारणपणे 'चैतन्याचे द्वार' असा होतो. कानाच्या भोकाशेजारच्या खोलगट वाटीत फुप्फुसाचा बिंदू मानतात आणि भोकाला लागून तोंडाचा. दिवसातून चार-पाच वेळा, तसेच तलफ येईल तेव्हा, या बियांवर बोटाने थोडा वेळ दाबायचे. काही दिवसांनी पट्ट्या काढून दुसऱ्या कानाला लावायच्या. डोक्यावर ओढणी असली की कोणाला दिसतही नाही.

मैत्रिणींनो, मराठीत एक वाक्प्रचार आहे, कानाला खडा लावणे. पुन्हा हे करणार नाही, असा निश्चय करणे. चिनी वैद्यांनी आपला वाक्प्रचार ऐकला नसेल, पण कानाला खरोखरच एक खडा लावला आहे.

उपयोग होतो का?

येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे, कारण जाहिराती तसे बोलत नाहीत. 'एका बैठकीत सिगारेट कायमची बंद' असे फलक तुम्ही पाहिले असतील.

औषधाची परीक्षा कशी घेतात ते विज्ञानाच्या विद्यार्थिनींनी समजून घ्यावे. समजा पन्नास जणींना 'योग्य' बिंदूंवर बिया लावल्या आणि दुसऱ्या पन्नास जणींना कानाच्या भलत्याच जागी लावल्या, कोणाला काय लावले ते त्यांना सांगितले नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारख्याच मुलींनी सिगारेट सोडलेली आढळली, तर श्रेय त्या बिंदूंना देता येत नाही. ते निश्चयाला, लक्ष देणाऱ्या माणसाला किंवा विश्वासाला द्यावे लागेल. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ साली अॅक्युपंक्चर, अॅक्युप्रेशर व तत्सम उपचारांच्या ३८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. सुरुवातीच्या काळात थोडा फायदा होत असावा असे दिसले. पण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ सिगारेट सुटून राहते, याचा भरवसा ठेवावा असा पुरावा मिळाला नाही.

मग हा उपचार टाकाऊ आहे का? मला तसे वाटत नाही. कानाच्या वाटीत मेंदूकडून हृदयाकडे व पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस या मोठ्या नसेची एक शाखा येते हे शरीरशास्त्राला माहीत आहे. कानात काडी घातली की काहींना खोकल्याची उबळ येते ती याच शाखेमुळे. तिच्यावर दाब दिल्याने मन शांत होते असा तर्क केला जातो. तो अजून तर्कच आहे. पण दुसरी गोष्ट सरळ व्यवहाराची आहे. तलफ काही मिनिटे टिकते. त्या मिनिटांत हाताला काम हवे असते आणि निश्चयाची आठवण हवी असते. बीवर दाबणारे बोट ही दोन्ही कामे करते. पहिले काही आठवडे निभावण्यासाठी काठी म्हणून तिचा उपयोग करा. काठीने पाय बरा होत नाही, पण पाय बरा होईपर्यंत चालता येते.

काही पथ्ये मात्र पाळा. कानावर जखम, खरूज वा पू असेल तर बी लावू नका. चिकटपट्टीने खाज आली तर लगेच काढा. गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार करू नये. आणि सुया टोचून घ्यायच्या असतील तर अशिक्षित माणसाकडे मुळीच जाऊ नका. आपल्या आजी-नानी कानाच्या कडेला बाळ्यांची रांग घालत असत. वरच्या कुर्चेत टोचलेले कधी पिकले तर किती त्रास होतो, कान कसा वाकडा होतो, हे त्यांना विचारा.

ज्याचा पुरावा आहे ते आधी

कानाच्या खड्याबरोबर, किंबहुना त्याआधी, सिद्ध झालेली साधने वापरा. निकोटिनचा च्युइंगम व पट्टी यांमुळे सोडण्यात यश मिळण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. धूर आणि डांबर न घेता शरीराला थोडे निकोटिन मिळते आणि ते हळूहळू कमी करता येते. हा गम साध्या च्युइंगमसारखा भराभर चावायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा, मग पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये, नाहीतर तो नीट लागू पडत नाही. वय अठराच्या आत असेल किंवा गर्भ असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. डॉक्टरांकडे आणखीही औषधे आहेत.

दुसरे साधन म्हणजे बोलणे. सरकारची तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे. क्रमांक १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत आणि समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवण्यापासून मदत करतात. घरात सांगण्याची हिंमत नसलेल्या मुलीसाठी हे पहिले दार आहे.

वजन वाढेल या भीतीने अनेक मुली सोडत नाहीत. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते हे खरे आहे. पण ते चालण्याने आणि जेवणातल्या बेताने आटोक्यात येते. फुप्फुस आटोक्यात आणण्याचा असा सोपा उपाय नाही.

रोजे ठेवणाऱ्या मुलीला तर एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास ती धुराशिवाय राहते, आणि एक दिवस नव्हे, महिनाभर. ज्या शरीराने दिवसभर सोडले, ते रात्रीही सोडू शकते. रमजान महिना संपल्यावर पुन्हा सुरू करण्याऐवजी तोच पहिला महिना मानावा.

पालकांना विनंती

आता पालकांशी दोन शब्द. उद्या आपल्या मुलीच्या दप्तरात सिगारेटचे पाकीट सापडले तर आपण काय करणार? पुष्कळ घरांत पहिला निर्णय होतो, 'कॉलेज बंद'. दुसरा होतो, 'स्थळ बघा'. या निर्णयाने मुलीचे शिक्षण सुटते. निकोटिन मात्र सुटत नाही. ते लपून चालू राहते, कदाचित सासरी, कदाचित गर्भारपणात. मुलीचे नुकसान दुहेरी होते आणि घराची अब्रू वाचली असे म्हणावे तर तेही होत नाही. ज्या संस्थेने मुलींना वर्गात आणण्यासाठी दारोदार फिरून पालकांची मने वळवली, तिच्या व्यासपीठावरून हे सांगणे माझे कर्तव्य आहे. व्यसन हा आजार आहे. आजारी मुलीला आपण डॉक्टरकडे नेतो, शाळेतून काढत नाही.

दुसरे असे की न्याय एकच असावा. घरात अब्बा विडी ओढतात, भाईजान टपरीवर सिगारेट ओढतात, त्याला 'सवय' म्हणतात. मुलीने ओढली की ती 'बेअब्रू' होते. फुप्फुसाला हा भेद कळत नाही. मुलगी सोडणार असेल तर त्याच दिवशी अब्बांनी आणि भाईजाननीही सोडावे. घरात एकजण ओढत असताना दुसऱ्याने सोडणे फार कठीण जाते. एकाच तारखेला सर्वांनी कानाला खडा लावला तर त्याचा उपयोग कोणत्याही बीपेक्षा जास्त होईल.

आणि आपल्या कोकणातील, देशावरील कित्येक घरांत पहाटे चुलीपाशी जी मशेरी भाजली जाते, तिच्याकडेही आपण कानाडोळा करतो. धूर निघत नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. आपण कमी वजनाच्या बाळाला नशीब म्हणतो, आणि दात घासायची डबी तशीच कोनाड्यात राहते. मुलीला सिगारेटबद्दल रागावणाऱ्या अम्मीने आधी ती डबी रिकामी करावी. मुलगी मग शब्दांपेक्षा त्या रिकाम्या डबीकडून जास्त शिकेल.

विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी कोणी ओढत असेल तर मला हात वर करून सांगू नका. फक्त आज घरी जाताना एक तारीख ठरवा. परीक्षेच्या आठवड्यातील नको, त्यानंतरची लगेचची. एका विश्वासाच्या माणसाला ती सांगा: आई, खाला, आपा, एखाद्या बाई, किंवा दूरध्वनीवरचा तो अनोळखी आवाज. पाकीट फेकून द्या. पहिल्या तीन दिवसांसाठी खिशात बडीशेप ठेवा, हवी तर कानाला बी लावा. एखादे दिवशी निश्चय मोडला तर सगळे संपले असे मानू नका. बहुतेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस मोजा.